ठळक आकड्यांची मुलगी

लालबागच्या मिरची गल्लीतून मेघना परब निघाली की तिच्या आधी तिचा वास पोचायचा. बेडगी, संकेश्वरी, भाजलेले धणे आणि मागून हळूच दालचिनी. म्हणून एप्रिलातल्या त्या सकाळी ती पॅथॉलॉजी लॅबचं काचेचं दार ढकलून आत शिरली, तेव्हा रक्त द्यायला उपाशीपोटी बसलेली अख्खी रांग शिंकायला लागली. आतल्या खोलीतूनही एक शिंक आली.

"डॉक्टर राजस दिघे कोण?"

"मी—" पुन्हा शिंक. "मीच. सॉरी... बोला."

तिशीतला असेल. चष्मा कपाळावर, डोळ्यांत पाणी. राग आला नसता तर मेघनाला हसू आलं असतं. तिने पर्समधून कागद काढला आणि त्याच्या टेबलावर आपटला.

"ही सही तुमची ना?"

"हो."

"मग हे सात आकडे काळेकुट्ट का छापलेत ते सांगा. या सात आकड्यांनी काल माझं लग्न मोडलं."

गोष्ट अशी होती की हल्ली पत्रिका जुळली की मुलाकडचे लगेच रक्ताचा रिपोर्ट मागतात. मागावा, त्यात वावगं काही नाही. पण मागणाऱ्याला तो वाचता यायला हवा की नको? नायगावच्या हितेंद्रच्या आईने चष्मा लावला आणि तांदळातले खडे निवडावेत तसे ठळक आकडे बोटाने निवडून काढले. सात निघाले. "मुलगी रक्ताने अशक्त आहे," एवढं बोलून त्या उठल्या. त्याच सकाळी या अशक्त मुलीने मिरच्यांचं वीस किलोचं पोतं एकटीने उचलून वडिलांच्या डंकावर नेलं होतं. परबांचा मसाला कुटायचा डंक गेली कित्येक वर्षं तिच्याच जिवावर चालत होता. हितेंद्रला मात्र पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागला होता.

आणि हे काही पहिलं स्थळ नव्हतं.

"हे बघा," राजस सावधपणे म्हणाला, "रिपोर्ट बदलून मिळत नाही."

"बदलून कोण मागतंय? आई मागत होती, तिला मी गप्प केलं. मला समजावून हवाय. माझं रक्त आहे, मला कळायला नको?"

राजसने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. या खुर्चीत बसल्यापासून 'सगळं नॉर्मल आहे ना' यापलीकडे त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बसा," तो म्हणाला. "नॉर्मल कसं ठरवतात माहितीये? शे-सव्वाशे निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे ओळीत मांडायचे. दोन्ही टोकांचे थोडे सोडायचे आणि मधले पंच्याण्णव टक्के धरायचे. ती झाली नॉर्मल रेंज."

"आणि टोकाची पाच टक्के माणसं?"

"तीही निरोगीच."

"मग त्यांचं काय करता?"

"त्यांचे आकडे ठळक छापतो," राजस म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

मेघना खळखळून हसली. रांगेतल्या लोकांनी मान वळवून पाहिलं. लॅबमध्ये असं कुणी हसत नाही.

"पण खोटं नाही सांगणार," तो पुढे म्हणाला, "तुमचं तसं नाही. तुमच्या आकड्यांना कारण आहे असं वाटतंय. हिमोग्लोबिन कमी, पेशी लहान, पण पेशींची संख्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. लोह कमी असलं की सहसा असं दिसत नाही. लोहाच्या गोळ्या कधीपासून घेताय?"

"शाळेत असल्यापासून. शिवाय बीट, खजूर, गूळ... बीट बघितलं की आता मळमळतं मला."

"बहुतेक उगाच खाल्लंत सगळं," तो हळहळून म्हणाला. "आणखी दोन तपासण्या करूया?"

त्याने तिचं रक्त स्वतःच काढलं. दंडाला पट्टा त्याने जरा जास्तच हळू बांधला, असं तिला वाटलं. की... तिलाच तसं वाटायला हवं होतं, कोण जाणे.

निदान झालं. शरीरात लोह भरपूर. थॅलेसेमिया मायनर. राजसने तिला समोर बसवून सगळं फोडून सांगितलं. हा आजार नव्हे, ही जन्मजात ठेवण. तिच्या पेशी लहान आहेत, एवढंच. ती धडधाकट आहे आणि राहील. फक्त जोडीदारही मायनर असेल तर मुलांच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते.

"म्हणजे मी अशक्त नाही."

"तुम्ही?" दारात तिने ठेवलेल्या मिरचीच्या पोत्याकडे त्याने पाहिलं. "तुम्ही मला उचलून ठाणे गाठाल."

"वजन किती तुमचं?"

"नका विचारू... तेही रेंजच्या बाहेर आहे."

त्या दिवशी घरी जाऊन मेघनाने लोहाच्या गोळ्यांची बाटली केराच्या टोपलीत टाकली. आईने डोक्याला हात लावला. "आता नवीन नाव गावला गे आजाराक! ह्या कोणाक सांगा नको हां."

"सगळ्यांना सांगणार. पुढच्या स्थळाला आधी सांगणार, मगच चहा देणार."

पुढची स्थळं त्यामुळे चहाआधीच उठली. मेघनाला वाईट वाटलंच नाही असं नाही. रात्री उशीत तोंड खुपसून ती एकदा रडलीही. पण सकाळी डोळे धुऊन डंकावर उभी राहिली, ती ताठ.

आणि एका दुपारी डंकावर राजस आला. हातात पिशवी, पिशवीत नको इतक्या लवंगी मिरच्या.

"मसाला कुटून हवाय."

"एवढी लवंगी? कोण खाणार?"

"आम्ही. ठाकूरद्वारला."

"डॉक्टर, ठाकूरद्वारला तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात. आईने सांगितलंय हे घ्यायला?"

"आईला माहीतच नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मेघनाने निम्म्या मिरच्या काढून टाकल्या, बेडगी घातली आणि त्याच्या हातात चाळणी दिली. यंत्राच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलायला जवळ यावं लागायचं. तो चाळत होता, शिंकत होता, पुन्हा चाळत होता. तिने गळ्यातली ओढणी काढून पुढे केली. "नाकाला बांधा." त्याने बांधली, आणि संध्याकाळी परत द्यायला विसरला. मग ती ओढणी परत करायला त्याला यावं लागलं. मग धुऊन आणायला. मग नुसतंच.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चिंचपोकळीच्या पुलावर उसाचा रस पिताना एकदा तो म्हणाला, "मेघना... तुझ्याशिवाय दिवस नॉर्मल वाटत नाही."

"मग चांगलंय की. पण माझ्याशी लग्नाचं बोलायचं असेल, तर आधी रक्त तपास. तूच शिकवलंयस."

"माझं?" तो हसला. "अख्ख्या लालबागचं तपासतो मी."

"स्वतःचं?"

त्याने रसाचा पेला कठड्यावर ठेवला. कॉलेजात प्रॅक्टिकलला एकदा स्वतःचं हिमोग्लोबिन काढलं होतं. जरा कमी निघालं तेव्हा मेसच्या जेवणाला शिव्या घालून मोकळा झाला होता. त्यानंतर कधीच नाही. रोज दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्याला आपलाही दंड आहे हे आठवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रक्त दिलं. आणि त्यानंतर त्याचा फोन लागेना. मग एका रात्री मेसेज आला : 'मीही मायनर आहे. आपण थांबूया. यातच तुझं भलं आहे.'

मेघनाने तो मेसेज वाचला. सकाळी तिने चालू डंक बंद केला आणि मिरचीचे हात न धुताच निघाली.

लॅबमध्ये सकाळची रांग होती. पहिला नंबर आनंदीबाईंचा. लालबागची आद्य मसाला गिऱ्हाईक, साखर तपासायला रात्रीपासून उपाशी. मेघना आत शिरली आणि रांग नेहमीप्रमाणे शिंकली.

"राजस, बाहेर ये."

"आत बोलूया का...?"

"नाही. माझी सगळी स्थळं चार लोकांत मोडली, हेही चार लोकांतच बोलू."

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, झोप न झालेला चेहरा. "मेघना, तुला कळत नाहीये. दोघेही मायनर असलो तर प्रत्येक वेळी मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची चारात एक शक्यता. तशा मुलाला जन्मभर, दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. शिकताना वॉर्डात पाहिलीयत मी ती मुलं. त्यांच्या आयांचे चेहरे पाहिलेत. तुझ्या वाट्याला ते..."

ते ऐकून मेघनाचा राग क्षणभर विरघळला. तो काही पळपुटा नव्हता, घाबरला होता.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "रात्रभर वाचत होते. गरोदरपणात आधीच तपासणी करता येते ना?"

"येते. दहाव्या-बाराव्या आठवड्यात. पण निकाल वाईट आला, तर पुढचा निर्णय सोपा नसतो."

"नसेल. मग तेव्हा रडू, ठरवू. नाहीतर मूल दत्तक घेऊ. नाहीतर दोघंच राहू, डंकावर माणसं लागतातच. काहीही ठरवू. पण ते ठरवायला दोन माणसं लागतात, राजस. तू एकट्यानेच ठरवून मोकळा झालास! हितेंद्रच्या आईने काय केलं होतं? माझा रिपोर्ट वाचला आणि मला न विचारता उठून गेली. तू काय वेगळं केलंस? तुला तो वाचता येतो, एवढंच ना?"

राजसने चष्मा कपाळावर सरकवला. तिचं म्हणणं खरं होतं.

"मला वाटलं, तुला वाचवतोय," तो हळू म्हणाला.

"मला विचारून वाचव."

"ओ डॉक्टर," आनंदीबाई कळवळून म्हणाल्या, "काय ते लवकर विचारा हो तिला. माझ्या पोटात कालपासून अन्न नाही!"

रांग हसली. राजसही हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले; या खेपेला मिरचीचा दोष नव्हता. त्याने तिचे लाल झालेले हात तसेच हातात घेतले.

"मेघना, मला भीती वाटते. खूप. आणि तुझ्याशिवाय राहायची त्याहून जास्त वाटते. करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती म्हणाली. "आणि ठाकूरद्वारला तुझ्या आईला मी स्वतः सांगणार. तू मध्ये बोलायचं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. डंक बंद दिसला म्हणून आई घाबरली होती.

"आई, मी लग्न ठरवलंय. डॉक्टरशी."

पलीकडे आनंदाने श्वास अडकला. मग जपून प्रश्न आला, "तेचो रिपोर्ट बघलंस मां?"

"बघितला. माझ्यासारखाच आहे."

पलीकडून आईचा हुंदका आला. "काय गे बाय ह्या तुझ्या वाट्याक इला..."

मेघनाने राजसचा हात सोडला नाही.

"वाट्याला नाही आलं, आई," ती म्हणाली. "मी निवडलंय."