अष्टमीची ओहोटी

"अलिबागला कोणती गाडी जाते हो?"

जालन्याच्या स्टेशनावर चौकशीच्या खिडकीशी वाकून बेबीनंदानं विचारलं, तेव्हा आतल्या बाबूनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं थेट लंकेचं तिकीट मागितलं होतं.

"तिकडं रेल्वे न्हाई," तो म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

"मग जायचं कसं?"

"ते मला काय ठाऊक, बाई? मी मनमाडपर्यंतचा माणूस."

मागं कुणीतरी हसलं. बेबीनंदानं वळून पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण उभा होता. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात बियाण्याच्या पार्सलची पावती आणि चपलांना शेतातली काळी माती.

"मनमाडला गाडी बदला," तो म्हणाला. "मुंबईला उतरा. भाऊच्या धक्क्यावरून लाँच मिळते रेवसपर्यंत. पलीकडं एसटी."

"तुम्ही गेला आहात?"

 त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग पावतीकडं.

"गेल्तो ना... एकदा."

१९७६ साल सरत आलं होतं. बेबीनंदा नवीन जालन्यातल्या एका बँकेत क्लार्क होती, त्या शाखेतली पहिली मुलगी. नोकरीला दोन वर्षं झाली तशी बँकेनं तिला आईवडलांसह प्रवासाची सवलत दिली होती. भाडं बँकेचं, ठिकाण आपल्या पसंतीचं. घरी हे सांगितलं तेव्हा तिची माय चांगुणाबाई निवडायचे गहू तसेच सुपात ठेवून बघत राहिली.

"फिरायला? म्हंजे लग्न न्हाई, मयत न्हाई, अन् उगंच जायचं?"

"उगंच जायचं, माय."

वडील अण्णासाहेब जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, दीक्षाभूमीला जाऊ. चांगुणाबाई भाकऱ्या करत होती. थापता थापता मधेच म्हणाली, "दादरला गेल्तो चैत्यभूमीला, तवा समुद्र बघितला होता. लई गर्दी होती. मागचे ढकलत होते. नीट बघून झालाच न्हाई." आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

दादरला गेले तेव्हा बेबीनंदा दहा वर्षांची होती. मायचं बोट धरून तीही त्याच वाळूत उभी होती. आता मायचं हे ऐकून तिनं त्याच रात्री ठरवलं, मायला समुद्राच्या काठावर नाही, समुद्राच्या मधोमध नेऊन बसवायचं. शाळेच्या पुस्तकात अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्याचं चित्र होतं, चहूकडून पाणी आणि मधे तट. ते तिला आठवलं.

स्टेशनावरच्या त्या तरुणाचं नाव मच्छिंद्र. धावडा गावच्या शेतकरी घरातला, इथं बियाण्याच्या कंपनीत कामाला. हे तिला चौथ्या दिवशी कळलं, कारण कंपनीचं चलन भरायला तो तिच्याच खिडकीत येऊन उभा राहिला. आधी हे काम कंपनीचा शिपाई भुजंग करायचा.

"आज भुजंगमामा नाही आले?"

"त्यांचे गुडघे दुखून राह्यले," मच्छिंद्र म्हणाला.

भुजंगमामांचे गुडघे मग महिनाभर दुखत राहिले.

दर वेळी तो काहीतरी नवं घेऊन यायचा. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. तिथं घोडागाडी मिळते. एकदा म्हणाला, "मॅडम, अष्टमी धरून जा. अष्टमीला दुपारी ओहोटी असते. भरतीला ते बेट आहे, ओहोटीला चालत जाता येतं. मायला नावेत बसायची भीती नको."

"नावात मासा आहे तुमच्या. पोहता येतं का?"

"विहिरीत येतं."

तिला हसू आलं. तिनं चलनावर शिक्का मारला, तो जरा वाकडाच बसला.

मग एकदा तिनं सहज विचारलं, "रात्रभर लाटांचा आवाज येत असेल ना तिथं? माय झोपायची नाही."

"आवाज? बिलकुल न्हाई. वारं सुटलं तरच... एरवी तळ्यासारखं शांत."

बेबीनंदानं मान वर केली नाही. दादरच्या वाळूत लाटांच्या आवाजापुढं मायचं बोलणंही ऐकू येत नव्हतं, हे तिला चांगलं आठवत होतं. म्हणजे या माणसानं समुद्र पाहिलेलाच नव्हता. कंपनीत कुणी अलिबागकडचा साहेब असणार, त्याला विचारून विचारून हा रोज येऊन सांगत होता. तिला राग यायला हवा होता. पण घरी जाताना टांग्यात ती एकटीच हसत होती. त्यानंतर तर ती मुद्दाम अवघड प्रश्न विचारू लागली. तिथं नारळ केवढ्याला मिळतो? चंद्र कुठल्या बाजूनं उगवतो? तो डोकं खाजवायचा, "आठवून सांगतो" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर घेऊन यायचा. त्याच्या येण्याच्या वेळेला तिची नजर दाराकडं जाऊ लागली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा मात्र ती जरा घाबरली.

पौषात एक दिवस तो आला तो खुशीतच.

"राहायचं जमलं. साहेबांच्या नात्यातलं घर आहे. घरगुती जेवण, एकदम सोवळ्याचं. मायला बराबर आवडंल."

बेबीनंदाच्या हातातलं पेन थांबलं. काउंटरवर तिच्या नावाची पाटी होती, आडनावासकट. ते आडनाव वाचलं की जालन्यात कुणालाही तिचं घर कुठल्या वस्तीत आहे ते कळायचं. हा रोज ती पाटी बघत होता.

"तिथं आडनाव विचारतील ना?" तिनं हळूच विचारलं.

"विचारतील की. नाव-गाव तर..." आणि तो थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला वाटलं, उगाच बोलले. पण बोलली नसती तर ते दारात ऐकावं लागलं असतं, तेही माय-अण्णांच्या देखत.

"चलन," ती म्हणाली आणि पावती पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी भुजंगमामा आले. तिसऱ्याही दिवशी तेच. त्यांचे गुडघे एकदम ठणठणीत होते.

"मच्छिंद्रराव रजेवर गेले," त्यांनी सांगितलं. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संपलं, असं बेबीनंदानं स्वतःला सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यानं फक्त त्या पाटीचा कधी विचार केला नव्हता, आणि आता केला. ती नेहमीसारखी जमेच्या नोंदी करत राहिली, संध्याकाळी घरी जाऊन मायबरोबर ज्वारी निवडत राहिली. अलिबागचं मायनं विचारलं तर म्हणाली, "बघू." मायनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

आठवडा उलटला. एका दुपारी खिडकीत सावली पडली. मच्छिंद्र उभा होता. नाकाची साल निघालेली, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"मॅडम," तो म्हणाला, "समुद्राला आवाज असतो. रात्रभर येतो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही तळं म्हणालात तेव्हापासून."

तो खाली बघून हसला. मागं गिऱ्हाइकांची रांग वाढत होती. तिनं चलन घेतलं, शिक्का मारला आणि पावती देताना म्हणाली, "सहाला मोती तलावावर या."

तलावाच्या बांधावर थंडी होती. तिनं शाल घट्ट ओढून घेतली होती. तो हातभर अंतर ठेवून बसला, आणि बँकेत पुस्तकी बोलणारी बेबीनंदा इथं आपोआप घरच्या बोलीवर आली.

"कशाला गेल्ते?"

"विचारायला. आधी साहेबांच्या नातेवाइकांकडं गेलो. सरळ सांगितलं, बौद्ध कुटुंब येणार आहे. ते म्हणाले, त्या दिवसांत आमच्याकडं पाहुणे आहेत. मी कुठले दिवस ते अजून सांगितलंच नव्हतं." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "मग दोन घरं अजून फिरलो. शेवटी एक उषाबाई म्हणून आहेत, खानावळ चालवतात. त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, मासे खातात का? बस. मी म्हणलं, खातात."

"अन् पायाला काय झालं?"

"पौर्णिमा होती. भर दुपारी भरती. किल्ला नुसता काठावरून बघितला. संध्याकाळी पाणी उतरलं तसा निघालो, तर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी अंगठा कापला. तुम्ही चपला काढू नका तिथं. वाळू लागल्यावर काढा."

 बेबीनंदासाठी आजवर कुणी असं पुढं जाऊन दार ठोठावून पाहिलं नव्हतं. तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मला तुमच्याशी..." त्यानं सुरुवात केली.

"थांबा. अलिबागला विचारून आलात. धावड्याला विचारलं का?"

त्यानं अंगठ्याची चिंधी घट्ट केली. पलीकडच्या काठावर धोबी कपडे गोळा करत होता. 

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तिथं विचारायची भीती वाटून राह्यली."

"मला बी वाटते," ती म्हणाली. "पण तुमच्या घरच्या दारात मला अचानक उभं करू नका."

माघातली अष्टमी ठरली. तिकिटं निघाली. चांगुणाबाईनं पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. गाडी सुटायला थोडा वेळ होता तेव्हा मच्छिंद्र फलाटावर धावत आला. अण्णासाहेबांना त्यानं नमस्कार केला. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "पाणी भरून आणतो" म्हणून सुरई घेऊन नळाकडं गेले.

"विचारलं," तो बेबीनंदाला म्हणाला. "काकासाहेब म्हणाला, तिला आणणार असशील तर घरात पाऊल टाकू नको, शेताचं नाव काढू नको." काकासाहेब म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

"अन् आई?"

"आई दोन दिवस बोलली न्हाई. निघालो तर वेशीपर्यंत मागं आली. म्हणाली, ती पोरगी आईला समुद्र दाखवून राह्यली म्हणतोस? मी म्हणलं, हो. तर म्हणे, मला तुम्ही दोघा भावांनी कधी इथं जवळ जांबच्या देवाला बी नेलं न्हाई. तुझा बाप नेतो नेतो म्हणत गेला."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

बेबीनंदानं खिडकीतून मायकडं पाहिलं. ती पिशवी मांडीवर घेऊन, गाडी हलायच्या आधीपासूनच बाहेर बघत होती.

"मंग न्या की त्यांना जांबला," बेबीनंदा म्हणाली. "आम्ही अलिबागला असू तवा तुम्ही तिकडं जाऊन या. पण माझं नाव काढू नका तिथं. नुसतं फिरवून आणा."

अष्टमीच्या दुपारी पाणी खरंच मागं गेलं होतं. चांगुणाबाई लुगडं वर खोचून, चपला हातात धरून ओल्या वाळूतून चालत किल्ल्यात गेली. देवळापाशी अण्णा थांबले नाहीत, तटाचे दगड बघत फिरले. मायनं मात्र विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, तटावर चढली आणि पाय पसरून बसली. चहूकडं समुद्र, आणि मागून ढकलणारं कुणी नाही. घोडागाडीवाला हाका मारू लागला, पाणी चढतंय, चला. ती म्हणाली, "चढू दे." शेवटची गाडी निघाली तेव्हा चाकं बुडत होती, घोडा पोटापर्यंत भिजला होता आणि चांगुणाबाई पोरीसारखी खिदळत होती. बेबीनंदानं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कुणालातरी हे दाखवायला हवं होतं, असं तिला वाटलं. कुणाला, ते तिला स्वतःला सांगावं लागलं नाही.

परतीची गाडी जालन्यात शिरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फलाटावर मच्छिंद्र होता. त्याच्या मागं बाकाच्या टोकाला डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर प्रसादाची पुरचुंडी होती.

"आई," तो हळूच म्हणाला. "जांबहून कालच आलो. धावड्याची एसटी सकाळीच होती. म्हणे, ती गाडी यायची आहे ना, ती बघून जाऊ."

मच्छिंद्रच्या आईनं, द्वारकाबाईनं, बेबीनंदाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बेबीनंदा वाकली, नमस्कार केला. म्हातारीचा हात पदरातच राहिला. मग तिची नजर मागून उतरणाऱ्या चांगुणाबाईवर गेली, तिच्या उन्हानं रापलेल्या तोंडावर, लुगड्याच्या काठाला अजून चिकटलेल्या वाळूवर.

"लई मोठा असतो म्हणं," द्वारकाबाई म्हणाली.

"लई," चांगुणाबाई म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "नजर पुरत न्हाई."

"पाय भिजवले?"

"गुडघ्यापर्यंत. हे वरडू लागले. मी ऐकलंच न्हाई."

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसली आणि पुरचुंडी मांडीवरून काढून बाजूला ठेवली, नीट ऐकायला बसावं तशी. "मंग?" ती म्हणाली.

अण्णांनी एकदा बाकाकडं, एकदा मच्छिंद्रकडं पाहिलं. "टांगा बघतो," म्हणाले आणि निघून गेले.

"आई हो म्हणली न्हाई अजून," मच्छिंद्र म्हणाला. "काकासाहेब तर म्हणायचाच न्हाई. शेत गेल्यात जमा आहे."

"मला तर अजून कुणी विचारलंच न्हाई."

"विचारू?"

"विचारा की."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला. "माझ्याशी लग्न करता का?"

"करते," बेबीनंदा म्हणाली.   तिनं पिशवीचा एक बंद त्याच्या हातात दिला, दुसरा आपल्याकडं ठेवला.

बाहेरून टांगेवाला "जल्दी करा" म्हणून ओरडत होता. बाकावर चांगुणाबाई दोन्ही हात पसरून घोडा कुठवर भिजला ते दाखवत होती आणि द्वारकाबाई पुढं सरकून ऐकत होती. त्या दोघींना उठवायला कुणीच पुढं झालं नाही.