बुधवारचा सिग्नल

विश्वास ठेवा म्हणून मी हात जोडणार नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो, भुताखेतांचं दुकान मांडून बसलेलो नाही. पण हे घडलंय. माझ्याच घरात, माझ्या मुलीच्या खोलीत. आणि रात्री नाही... दिवसाढवळ्या. गेल्या वर्षीच्या थंडीत.

माझी मुलगी हौशी रेडिओवाली होती. रीतसर परवाना काढलेली. मोर्सच्या, म्हणजे ठिपके-रेघांच्या लिपीच्या कट्ट-कडकट्टमध्ये जगभर गप्पा मारायची.

"बाबा, तुम्हीपण शिका ना. मग आपण बोलू."

"दिवसभर दुकानात टिकटिक ऐकतो. घरी तरी सोड मला," मी म्हणायचो.

सव्विसाव्या वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

तीन आठवड्यांनी पोस्टानं एक डबी आली.

तिनं मागवलेलं किट होतं. बीकनचं. बीकन म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. मालकाची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, मोर्समध्ये पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बाकी काही बोलत नाही. ऐकत तर नाहीच. ताकद विजेरीच्या बल्बपेक्षाही कमी.

बायको म्हणाली, "परत पाठवा ते. माझ्याच्यानं बघवत नाही."

मी नाही पाठवलं. डोळ्याला भिंग लावून बसलो. एका इवल्याशा कडीवर तांब्याच्या तारेचे सोळा वेढे द्यायचे होते. दोनदा मध्येच रडू कोसळलं, मोजणी चुकली, आणि दोनदा सगळी तार सोडून पहिल्यापासून गुंडाळली.

एक चूक मात्र मी जाणूनबुजून केली. किटवाल्यांनी चिपमध्ये तिचीच कॉलसाइन घालून दिली होती. माणूस गेलं की ती हवेत वापरायची नसते. मला हे माहीत होतं. तरी बीकन चालू केला. तिचं नाव कुठेतरी चालू राहावं, एवढंच मनात होतं.

रविवारी दुकान बंद. म्हणून दर रविवारी दुपारी तिच्या खोलीत तासभर लावायचो, मग बॅटरी काढून ठेवायचो.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. तीनशे किलोमीटरवर राहणारे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. मुलीचे रेडिओवरचे जुने दोस्त.

"घड्याळवाले, बीकन छान ऐकू येतोय. रविवारी आला, बुधवारीही आला."

"बुधवारी?"

"हो. सव्वाचारला."

बुधवारी मी दुकानात होतो. बॅटरी काढलेली होती... आणि बायकोनं तर त्या खोलीचं दारही उघडलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी दुकानाला कुलूप लावलं आणि मुलीच्या खोलीत जाऊन बसलो. बीकन समोर. बॅटरी माझ्या खिशात. तिचा रिसीव्हर चालू.

सव्वाचार वाजले.

नुसती खरखर...

तेवढ्यात फोन. "आत्ता येतोय," पोस्टमास्तर म्हणाले. "ऐकताय ना?"

"मला काहीच ऐकू येत नाही हो."

"नाहीच येणार. सिग्नल आभाळाला लागून लांब कुठेतरी उतरतो. जवळच्यांना वगळून जातो. पण घड्याळवाले... हे यंत्र नाही. यंत्राचा ठोका एकसारखा पडतो. हा माणसाचा हात आहे. अक्षर ओळखावं तसा हात ओळखू येतो आम्हाला. हा पोरीचाच आहे."

मग दर बुधवारी मी फोन कानाला लावून बसू लागलो. पोस्टमास्तरांना ती आधी स्पष्ट ऐकू यायची. मग पुसट. मग त्यांच्या ओळखीच्या, जहाजावरच्या एका रेडिओवाल्याला भर समुद्रात ऐकू आली. ती लांब लांब चालली होती, आणि मी तिच्या खोलीत बसून खरखर ऐकत होतो.

सातव्या बुधवारी बायको पहिल्यांदाच त्या खोलीत आली. मुलीच्या पलंगावर बसली.

फोनवर पोस्टमास्तर होते.

"फार पुसट आहे, पण आज नुसती कॉलसाइन नाही... विचारतेय. घरचे बरे आहेत का? तेच तेच विचारतेय. काय कळवू?"

परत ये म्हणावं. एवढंच मला सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"बरे आहेत म्हणून सांगा. दोघंही वेळेवर जेवतात, झोपतात. आमची काळजी करू नकोस म्हणावं."

पलीकडे पोस्टमास्तरांची मोर्सची कळ वाजत राहिली. मग बराच वेळ काहीच नाही...

"गेली," पोस्टमास्तर म्हणाले.

त्यानंतर कुठल्याच बुधवारी ती कुणाला ऐकू आलेली नाही. हे काय होतं, पोस्टमास्तरांना सांगता येत नाही. मलाही नाही. मी आता मोर्स शिकलोय. बायकोच्या ताटात बहुतेक दिवशी जेवण तसंच राहतं, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना झोपल्याचं दाखवत पडून असतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे रेडिओ असेल, तर एकच विनंती आहे. ती कधी ऐकू आली आणि आमची चौकशी करू लागली, तर तिला खरं सांगू नका.