खाणवाल्यांचा दगड

"वर या. ही जागा खासगी हाय."

आवाज वरून आला आणि त्यापाठोपाठ थोडी मातीही आली. तृप्तीने मान वर केली. खाणीच्या काठावर, आश्विनातल्या ढगाळ आभाळाकडे पाठ करून एक तरुण उभा होता – इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात फाटकाचे कुलूप, आणि चेहऱ्यावर मालकाची उसनी कठोरता.

"येते की," ती शांतपणे म्हणाली. "पण आधी तुम्ही मागं सरका. उभे राह्यलात तो खडक न्हाई, भुसभुशीत मुरूम हाय. खाली आलात तर मला माझं काम सोडून तुम्हाला उचलावं लागंल."

तो चटकन मागे सरकला. आपण इतक्या आज्ञाधारकपणे सरकलो, याचा त्याला लगेच रागही आला.

भोकरदनहून जाफराबादकडे जाताना लागणाऱ्या त्या टेकडाला सारा मुलूख सोनखाण म्हणतो. निजामाच्या राजवटीत तेथे विहीर खोदताना एका सराफ घराण्याच्या मूळ पुरुषाला पिवळाधमक, चकाकता दगड लागला. विहिरीची खाण झाली. पुढे पाण्याचा मोठा झरा फुटला आणि खाण बुडाली. मात्र घराण्याला 'खाणवाले' हे नाव कायमचे चिकटले. काठावरचा जिनेंद्र हा त्याच घराण्याचा नातू, भोकरदनच्या पेढीवर बसणारा. आणि खाली, पाण्याच्या वरच्या कपारीत हातोडा घेऊन उभी असलेली तृप्ती ही जाफराबादकडच्या भुजंगरावांची थोरली मुलगी. ती संभाजीनगरला भूशास्त्र शिकत होती आणि या खाणीच्या दगडांवर प्रबंध लिहीत होती. परवानगी तिने रीतसर काढली होती, पण ग्रामपंचायतीची. खाणीला जिवंत मालक आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तेवढ्यात परतीच्या पावसाची सर आली. पांढऱ्या सदऱ्याला आडोसा एकच होता – तीच कपार. तो घसरत, सावरत खाली उतरला आणि तिच्यापासून अदबशीर अंतर राखून उभा राहिला. कपार अरुंद होती. अदबीला तिथे फारशी जागा नव्हती.

"सोनं सापडून राह्यलं का?" त्याने विचारले.

"या खडकात सोनं नसतंच."

तो हसला. असे बोलणारी व्यक्ती त्याने जन्मात पाहिली नव्हती. तृप्ती मात्र हसली नाही. तिने विजेरी लावली आणि खडकातल्या एका पोकळीवर प्रकाश धरला. आत हिरवट, काचेसारखे चौकोनी स्फटिक दाटीने उभे होते. त्यांच्या बुडाशी फिक्या गुलाबी रंगाचे, गव्हाच्या पेंढीसारखे बांधलेले दुसरे. ही खाण जिनेंद्रची होती आणि त्याने ती आज प्रथमच पाहिली होती.

तिने त्याला समजावून सांगितले. हा सगळा काळा पाषाण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहत आलेला, थरावर थर साचलेला लाव्हा. तो निवताना वाफेचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. मग गरम पाणी त्यांत झिरपत राहिले आणि जाताना हे स्फटिक मागे ठेवून गेले. गावातले लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. सोन्याला लागणारा खडक निराळा. तो इथून फार दूर, कर्नाटकात.

"मंग आमच्या पेढीतला दगड?" त्याने विचारले.

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

"बघायला या की..." तो म्हणाला, आणि पावसाकडे पाहू लागला. कुलूप त्याच्या हातातच राहिले होते. त्या दिवशी ते लागले नाही, आणि नंतरही नाही.

पुढच्या दिवसांत जिनेंद्रला खाणीची फार काळजी वाटू लागली. कधी तो दोर घेऊन येई, कधी पाण्याची बाटली, तर कधी नुसताच. तिने एकदा विचारलेही, की सराफांना दुपारी गिऱ्हाईक नसते काय. असते, तो म्हणाला, पण ते सगळे सोने आणतात. दगड आणणारे कोणी नाही.

एका दुपारी ती बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर एक खडा घासत होती. तो कुतूहलाने वाकला. खनिजाचा रंग डोळ्यांना फसवतो, तिने सांगितले. घासल्यावर उमटणारी रेघ फसवत नाही.

"हे तर आम्ही रोजच करून राह्यलो," तो आनंदाने म्हणाला आणि खिशातून काळाभोर, गुळगुळीत कसोटीचा दगड काढला. "द्या तुमचं कानातलं."

"कशाला? चोरीचं वाटलं काय?"

"रेघ बघायची हाय. तुमचीच विद्या."

तिने कानातली कुडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती हलकेच घासली. काळ्या दगडावर पिवळी, मऊ रेघ उमटली. तो ती रेघ पाहत राहिला... जरा जास्तच वेळ.

"काय झालं? खोटं निघालं?"

"बिलकुल खरं हाय," तो म्हणाला. कुडी परत देताना त्याची बोटे तिच्या तळव्यावर क्षणभर थांबली. "मी दुसरंच बघून राह्यल्तो, तृप्ती. उद्या तू इथं आली न्हाईस, तर मी पेढीवर नीट बसू शकंन का, ते."

वर टेकडावर वेड्या बाभळीचा पाला सळसळला. मग तिने थैलीतून एक तुकडा काढला – खाणीच्या भिंतीतल्या पांढऱ्या शिरेत सापडलेला, पिवळाधमक. "याची बघा," ती म्हणाली.

त्याने घासले. रेघ काळी उमटली. हिरवट काळी, कोळशाच्या भुकटीसारखी.

तुकडा त्याच्या ओळखीचा होता. पेढीच्या गादीमागे, कोनाड्यात, चांदीच्या तबकात बसवलेला त्यांचा दगड नेमका असाच होता. सगळ्या पंचक्रोशीचे सोने ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसाला लावले, त्यांनी तो एक दगड कधी घासला नव्हता. कारण धनत्रयोदशीला त्याला कुंकू लागते, आणि कुंकू लागलेल्या वस्तूला कस लावणे त्या घरात पाप होते.

"सुवर्णमाक्षिक," तृप्ती हळूच म्हणाली. "लोखंड आणि गंधक. दिसायला सोनं."

लग्नाची गोष्ट दोन्ही घरांत निघाली. भुजंगरावांना मारवाडी जावई म्हणून राग नव्हता. त्यांची चिंता निराळी होती. "जैनाच्या घरात कांद्याबिगर कशी जेवशील, बाई?" एवढे विचारून, आणि समाधानकारक उत्तर न मिळताही, त्यांनी होकार दिला.

खाणवाल्यांच्या घरात शब्द चालत असे तो बसंतीबाईंचा. जिनेंद्रच्या या आजीला सगळे दादीसा म्हणत. त्यांनी तृप्तीला बोलावून घेतले, समोर बसवले आणि आडपडदा ठेवला नाही. मुलगी त्यांना पसंत होती. जातीचे, रीतीचे जे काही होईल ते त्या निभावून नेणार होत्या. पण हिच्या प्रबंधाची कुणकुण बाजारात लागली होती आणि लोक हसू लागले होते.

"धनतेरसला सगळे भाईबंद पेढीवर जमतात," दादीसा म्हणाल्या. "तू दगडाला कुंकू लावायचं. आणि सगळ्यांसमोर सांगायचं, मी शिकलेली हाय, मी पाहिलं, हे सोनं हाय. एवढंच. मंग तू या घरची."

"कुंकू लावीन, दादीसा. तुमच्या पूर्वजांचा मान हाय त्यो. पण सोनं म्हणणार न्हाई."

"मंग लग्न न्हाई."

"तरीबी म्हणणार न्हाई."

अशा उत्तराला उद्धटपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु नम्रता आणि होयबापणा यांतला फरक ज्या मुलीला कळतो, ती घराचे नाक कापत नाही. ते ताठ ठेवते. दादीसांना त्या दिवशी हे पटले नव्हते.

धनत्रयोदशीला तृप्ती आली. येऊ नकोस असे तिला कोणी सांगितले नव्हते आणि न सांगता मागे राहणारी ती नव्हती. पेढी पाहुण्यांनी भरली होती. पांढऱ्या गाद्या, झेंडूचे हार, तुपाच्या दिव्यांचा वास. जिनेंद्रने दारापासून तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या नजरेत इतकी काळजी होती की तिलाच त्याला डोळ्यांनी धीर द्यावा लागला.

तिने दगडाला कुंकू लावले. हात जोडले.

"बोल, बेटा," दादीसा म्हणाल्या.

"तुमच्या पूर्वजांनी एवढ्या कठीण पाषाणात हातांनी खाण खोदली," तृप्ती म्हणाली. "ते धाडस खरं हाय. त्यांना हा दगड सापडला, तेबी खरं हाय. पण हे सोनं न्हाई. मी सोनं म्हणाले, तर माझं शिक्षण खोटं आणि तुमच्या घरात माझा पहिलाच शब्द खोटा."

कोणीतरी पुटपुटले – परक्या घरची पोर, खोटं बोलून राह्यली. ते ऐकले मात्र, जिनेंद्र उठला. त्याने तबकातला दगड उचलला आणि गल्ल्याजवळची कसोटी ओढून घेतली.

"जिनेंद्र. ठेव त्यो दगड."

"दादीसा, तिला खोटं म्हणून राह्यले लोक," तो म्हणाला. "बराबर हाय का न्हाई, आपणच बघू. आपलं कामच त्ये हाय."

त्याने दगड घासला. जमलेले सगळे सराफच होते. काळी रेघ दुरूनही त्यांना वाचता आली. दादीसांनी ती रेघ पाहिली, पदर सावरला आणि त्या कोणाशीही न बोलता आत निघून गेल्या.

तृप्तीला सोडायला तो बसस्थानकापर्यंत आला. जाफराबादची बस लागलेली होती. आपण सरळ नोंदणी पद्धतीने लग्न करू, तो म्हणत होता. घरचे गेले तर गेले. ती ऐकत राहिली... आणि मग तिने नकारार्थी मान हलवली.

"मी सगळ्यांसमोर न्हाई म्हणाले. आता लपून हो म्हणू? आपण काय कुणाचं चोरलंय? लग्न करीन तर दिवसाढवळ्या, माणसांत. तुमच्या घरचं कुणीतरी माझ्या दारी यायला पायजे."

"दादीसा कुणाच्या दारी जात न्हाईत."

"मंग मी थांबंन."

"किती दिवस?"

"ते तुम्ही नका मोजू," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिने एकदाच वळून पाहिले. तेवढ्यावर जिनेंद्रने दिवाळी काढली.

कार्तिक सरत आला तेव्हा एका दुपारी भुजंगरावांच्या ओसरीसमोर मोटार थांबली. दादीसा एकट्याच उतरल्या. ओसरीवर कांद्याचा ढीग पडलेला होता. भुजंगरावांची धांदल उडाली, पण दादीसांनी ढिगाशेजारच्याच खुर्चीवर बैठक घातली आणि तृप्तीला पुढे बोलावले.

"लोक मला विचारून राह्यले," त्या म्हणाल्या, "खाणीत सोनं न्हाई, तर मंग हाय काय? मला उत्तर देता येईना. तू दे."

तृप्तीने कपाटातून स्फटिकांचा एक झुपका आणून त्यांच्या हातात ठेवला. हिरवा, लखलखीत. दादीसांनी तो उन्हाकडे धरला, सोनाराच्या सवयीने फिरवून फिरवून पाहिला. त्याचे नाव त्यांनी तिच्याकडून वदवून घेतले आणि स्वतः म्हणून पाहिले – ॲपोफिलाइट. जड गेले, तरी त्यांनी ते सोडले नाही.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "आता मला सांगता येईल. खोटं बोलायची सवय या वयात नवी नको." मग त्या भुजंगरावांकडे वळल्या. "मुहूर्त काढा. मांडव भोकरदनला, आमच्या दारी."

"मांडव मुलीच्या दारी पडतो, दादीसा," तृप्ती म्हणाली.

भुजंगरावांनी डोळे मिटून घेतले. दादीसांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "पण जेवणाला कांदा न्हाई."

"न्हाई," तृप्ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच ती मनापासून हसली. "जिनेंद्र कुठं हायेत?"

"गाडीत. मी सांगितलं, बोलावल्याशिवाय उतरायचं न्हाई."

तृप्ती ओसरीच्या पायऱ्या उतरली, अंगण ओलांडले आणि मोटारीची काच ठोठावली. काच खाली आली. त्याच्या चेहऱ्यावर विचारायचे कितीतरी होते.

"तुम्ही खाणीत मला एक गोष्ट बोल्लात," ती म्हणाली. "मी तवा उत्तर दिलं न्हाई. आता देते. मलाबी तुमच्याबिगर करमत न्हाई."

"तृप्ती –"

"आधी उतरा," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने दार उघडले. "चहा होऊन राह्यलाय. आणि यापुढं माझ्या दारी कुणाच्या बोलावण्याची वाट बघत बसायचं न्हाई... सरळ आत यायचं."

तो उतरला. तिने त्याचा हात धरला – अंगणात, भर दुपारी, दोन्ही घरांच्या देखत – आणि ओसरीच्या पायऱ्या चढून जाईपर्यंत सोडला नाही.