तळ्याच्या पाण्याच्या चार बाटल्या

“ह्यात काय आहे?” हवालदाराने विचारलं, आणि कोकिळाने जे खरं तेच सांगितलं. तिथेच सगळं बिनसलं.

लोणारच्या तळ्याचं पाणी विमानाने मुंबईला कशाला न्यायचं, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. कोकिळाने समजावून पाहिलं. ती लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मुंबईच्या एका प्रयोगशाळेला दर दोन महिन्यांनी हे पाणी लागायचं – बाटलीच्या तोंडाला लाख लावलेलं, भरलं त्याच दिवशी पोचलेलं. म्हणून तर विमानाचं तिकीट प्रयोगशाळेचेच लोक काढून देत. हवालदार ऐकत होता आणि मान हलवत होता, पण नकारार्थी. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. विमानं पळवायचे प्रकार झाल्यापासून त्या छोट्याशा विमानतळावरही सामानाची तपासणी सुरू झाली होती, आणि समोर आलेली प्रत्येक वस्तू आपल्यालाच फसवायला आणलीय, असा त्या माणसाचा पक्का समज होता.

त्याने चाकूने लाख फोडली. बूच उपटलं. बाटली नाकाशी नेली मात्र, आणि तोंड वेडंवाकडं केलं. तळ्याचा तो खारट, कुजकट वास सगळ्या खोलीत पसरला. रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला. हवालदाराचा हात दुसऱ्या बाटलीकडे वळला.

पाच तास एस्टीत ती पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती. इतका वेळ शाळेतल्यासारखी बोलत होती, ती आता घरच्या बोलीवर आली.

“हात नका लावू. झुंजूमुंजू होतं तवा खाली उतरून भरलं हो मी हे पाणी. हवा लागली का वाया गेलं ते.”

शेजारच्या टेबलावर एक तरुण शिपाई प्रवाशांची नावं लिहीत होता. त्याची लेखणी थांबली.

“लोणारच्या काय तुमी?”

“हाव.”

“मी हिवऱ्याचा. हिवरा आश्रम.”

“मंग तुमाले तरी समजाले पाह्यजे होतं,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण ते त्याला दिसू नयेत म्हणून ती बाटल्यांकडेच बघत राहिली.

त्याने वही ओढली आणि गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं – तीन बाटल्या न उघडता, माझ्या जबाबदारीवर सोडल्या. खाली सही केली : निवृत्ती. उद्या काही भलतंच झालं तर, असं हवालदाराने दरडावलं. “तर माही नोकरी गेली,” तो शांतपणे म्हणाला, आणि पिशवी दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरली.

मुंबई येईपर्यंत कोकिळा त्या फोडलेल्या बाटलीसाठी हळहळायचं ठरवत होती. पण डोळ्यांपुढे येत होतं ते गोल अक्षर...

कार्तिकात ती पुन्हा गेली. टेबलावर निवृत्ती एकटाच होता. त्याने स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरून ठेवलं होतं. जणू ती आजच येणार, हे त्याला ठाऊक होतं. बाटल्या त्याने एकेक करून उजेडाकडे धरल्या, तान्हं मूल ठेवावं तशा परत ठेवल्या, आणि गंभीरपणे म्हणाला,

“उघडा.”

तिच्या कपाळावर आठी उमटली.

“बाटल्या नाई हो... डबा. ठेच्याचा वास येऊन राह्यला.”

“काऊन? ठेचा विमानात न्याले बंदी हाये?”

“बंदी नाई. पण... तपासा लागते.”

ती हसली. अर्धी भाकरी, तिच्यावर ठेच्याचा गोळा. खांबाआड उभं राहून त्याने खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी थांबला नाही. खाता खाता त्याने विचारलं, असं काय असतं त्या पाण्यात? ती सांगत गेली. त्या खाऱ्या पाण्यात, जिथे मासोळीही टिकत नाही, तिथे डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव कसे सुखाने नांदतात ते. आजवर तिच्या वर्गातही कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. विमानाची घोषणा दोनदा झाली.

“विमान चुकलं तर काय होईन?” त्याने विचारलं.

“पाणी वाया जाईन.”

“आनखी?”

“आनखी... काय?”

“काई नाई,” तो म्हणाला. “जा. उशीर होऊन राह्यला.”

ते “काई नाई” तिने लोणारला नेलं. तळ्याच्या उतारावर, फळ्यासमोर, रात्री अंथरुणावर ती ते पुन्हा पुन्हा ऐकत होती. पौष कधी लागतो याची वाट तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. नवं पातळ नेसून गेली.

टेबलावर हवालदार होता. त्याने प्रयोगशाळेचं पत्र मागितलं, वाचलं, शिक्का मारला आणि चारही बाटल्या तशाच पुढे सरकवल्या. कुणी लाख फोडली नाही, कुणी पिशवीत हात घातला नाही. तिचा विश्वास बसेना. तेव्हा त्यानेच सांगितलं की, पत्र असेल तर मोहोरबंद बाटली उघडू नये, असा आता वरून हुकूमच आलाय. निवृत्तीने साहेबांना लिहून कळवलं होतं. त्याचं म्हणणं साहेबांनी मानलं. पण हवालदाराला डावलून थेट वर लिहिलं, हे मात्र खपवून घेतलं नाही. त्याची बदली झाली होती. चांद्याकडे, जंगलातल्या कुठल्याशा चौकीवर.

चार बाटल्या सहीसलामत पोचल्या. प्रयोगशाळेत शाबासकी मिळाली. कोकिळा मात्र विमानात खिडकीकडे तोंड करून रडली होती.

त्याचा पत्ता तर तिच्याकडे नव्हताच. माघाच्या एका रविवारी, शाळेचं काम आहे असं घरी सांगून ती मेहकरच्या एस्टीत बसली, तिथून हिवऱ्याला गेली. आश्रमामागच्या गल्लीत निवृत्तीचं घर सापडलं. त्याची आई अन्नपूर्णाबाई अंगणात तूर पाखडत होती. मी मास्तरीण आहे, एवढंच कोकिळा बोलली, आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. पण म्हातारीने पुढचं विचारलंच नाही. मास्तरीण म्हटल्यावर ती सूप टाकून उठली. पोराची चिठ्ठी दोन दिवसांपासून येऊन पडली होती, आणि वाचून द्यायला घरात कुणी नव्हतं.

तेच गोल अक्षर. कोकिळा वाचू लागली. तब्येत बरी आहे. भात खाऊन कंटाळा आलाय. थंडी लय आहे. आणि मग...

“थांबली काऊन? वाच न, बाई.”

तिने वाचलं : “आई, लोणारच्या बाईबद्दल तू विचारलं. तिच्या घरी बोलणं काढू नको. ते शिकलेली हाये, विमानात जाते. मी जंगलातला शिपाई. तिनं हो म्हणलं तं मले भेव वाटीन, नाई म्हणलं तं त्याहून. पण रोज सकाळी नाल्यावर गेलो का वाटते, ह्या पाण्यात काय असन ते मले तिनं सांगावं.”

अंगणात कोंबड्या तुरीला चोच मारत होत्या. म्हातारीने त्यांना हाकललं नाही. वाचून झालेली चिठ्ठी कोकिळाने घट्ट धरून ठेवली होती, तिकडे ती बघत होती.

“लोणारची... तूच काय?”

कोकिळाने मान खाली घातली. “हाव.”

अन्नपूर्णाबाई आत गेली, गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आली, आणि कोकिळाचं पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग कोनाड्यातलं कोरं आंतर्देशीय पत्र तिच्यापुढे ठेवलं.

“लिही माह्याकडून. तूर चांगली झाली. पाय दुखते, पण चालते. आन् खाली तुह्यं तू लिही. मले नको वाचून दाखवू.”

कोकिळाने म्हातारीचं सगळं लिहिलं. मग बराच वेळ टाक हातात धरून बसली. शेवटी लिहिलं : “तुम्ही विचारलं नाही, तरी माझं उत्तर हो आहे. भीती मलाही वाटते. लवकर या.” आणि मन बदलायच्या आत पत्र चिकटवून टाकलं.

“किती दिस लागतीन जायले?” म्हातारीने विचारलं.

“आठ तरी.”

“आन् त्याचं यायले?”

“आनखी आठ.”

अन्नपूर्णाबाईने बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. “सोळा दिस लय होतात, बाई,” ती म्हणाली. “एकटीनं काढू नको. अधूनमधून येत जा इकडं... दोघी मिळून वाट पाहू.”