प्रागचा पूर्वमुक्काम

प्रागला कुठं उतरायचं हे ठरवण्यासाठी हेरंब सबनीस जेवण झाल्यावर झोपले. सांगलीत दुपारी जेवून झोपण्याचं कुणाला नवल नाही. नवल एवढंच की, या खेपेला ते कामासाठी झोपले होते.

उशी मुलीनं पाठवली होती. दिसायला साधी, हाताला जरा जड. जगातली बरीच हॉटेलं आता आपल्या खोल्यांचे ठसे घेऊन ठेवतात : गादीचा कडकपणा, पडद्यातून झिरपणारा उजेड, जिन्यातला वास, खालच्या रस्त्यावरचे आवाज. माणूस झोप आणि जाग यांच्या सीमेवर आला की उशीतले तंतू हे सगळं त्याच्या मेंदूला हलकेच पुरवतात. एका डुलकीत तिथली अख्खी रात्र आणि वर एक सकाळ उरकते. याला पूर्वमुक्काम म्हणतात. जाग आल्यावर नाडी, श्वास आणि जबड्याचा ताण यांवरून उशी एक आकडा दाखवते. तो समाधानांक. शंभरापैकी.

हेरंबरावांची हयात पाटबंधारे खात्यात गेली होती. शंभरापैकी मोजता येणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना आदर होता.

"एकाहत्तर!" उठल्या उठल्या त्यांनी जाहीर केलं. "जुन्या चौकातलं हॉटेल. लिफ्ट आहे, किटली आहे, बाथरूममध्ये बादली मावते. फक्त खिचडी लावली की धुराची घंटा वाजते."

वृंदाताई पलीकडे कोथिंबीर निवडत होत्या. "झोपेतसुद्धा खिचडी लावलीत?"

"चाचणी म्हणजे पूर्ण चाचणी. खालून फोन आला. बाई फार सभ्यपणे ओरडली."

तेवढ्यात मुलीचा, ओजस्विनीचा, बंगळूरहून फोन आला. तिन्ही जागा तिनं तात्पुरत्या धरून ठेवल्या होत्या, पण फक्त संध्याकाळपर्यंत. चौकातलं हॉटेल, नदीपलीकडचा फ्लॅट आणि एका जुन्या मठातलं अतिथिगृह.

"आईला कुठलं आवडलं?"

"तिला काय, काहीही चालतं."

हे खोटं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या महाबळेश्वरापासून वृंदाताईंनी हे उत्तर एकदाही बदललं नव्हतं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. प्रागची नदी शहरातून कशी वळते हे त्यांनी मुलींच्या कित्येक तुकड्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. प्रागला जायचं हे मात्र त्यांनी या वर्षी, निवृत्त झाल्यावर, प्रथमच तोंडानं म्हटलं होतं. कुठं उतरायचं यावर त्यांचं म्हणणं ठरलेलं, 'तुम्ही बघा.' आणि हेरंबराव बघायचे. मन लावून बघायचे.

"बाबा, आईला उशीवर झोपवा," ओजस्विनी म्हणाली. "उशीला 'काहीही चालेल' कळत नाही."

वृंदाताई झोपल्या. चौकातल्या हॉटेलला त्यांचा आकडा आला अठ्ठावन्न. चहा घेऊन पुन्हा पडल्या. नदीपलीकडच्या फ्लॅटला एकसष्ट. हेरंबरावांनी मान डोलावली. शिक्षकांचा हात आखडताच असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा पडण्याआधी वृंदाताईंनी उशीच्या बाजूची बटणं जराशी चाचपली आणि भिंतीकडे तोंड केलं. हेरंबराव शब्दकोडं घेऊन बसले. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष बायकोच्या कपाळाकडे गेलं. तिथली उभी आठी गेली होती. ती आठी जन्मापासूनची असावी, असा त्यांचा आजवरचा समज होता.

आकडा आला शहाण्णव.

"उशी बिघडली," हेरंबराव म्हणाले आणि खात्यातल्या सवयीनं उशीवरचा मुक्कामाचा तपशील तपासायला बसले. मठात लिफ्ट नव्हती. संडास बोळाच्या टोकाला. पलंग अरुंद, गादी फळीसारखी, किटली नाही. त्यांच्या हिशेबानं ही जागा नापास व्हायला हवी होती. मग सगळ्यात खालची ओळ दिसली. पहिल्या दोन्ही मुक्कामांना तिथं 'सोबत : पती' असं होतं. उशीनं हेरंबरावांच्या डुलकीतून त्यांचं घोरणं, कूस बदलणं आणि पहाटेचं खाकरणं टिपून घेतलं होतं, आणि ते बायकोच्या मुक्कामात इमानदारीनं मिसळलं होतं. तिसऱ्या मुक्कामाला लिहिलेलं होतं, 'सोबत : नाही'.

"हे तू बंद केलंस?"

"हो." वृंदाताई उठून केस बांधत होत्या. "बघावं म्हटलं, कसं वाटतं."

"कसं वाटलं?"

त्यांनी जरा विचार केला. "सकाळी जाग आली. खिडकी उघडली. खाली एक माणूस अंगण झाडत होता, त्याच्याकडे बघत बसले. बराच वेळ. कुणी विचारलं नाही की काय बघतेस."

"मी विचारतो, ते काळजीनं विचारतो."

"माहीत आहे हो. म्हणून तर उत्तर द्यावं लागतं."

आकड्याशी वाद घालता येत नाही, हे हेरंबराव आयुष्यभर इतरांना सांगत आले होते. आता शहाण्णवातून एकसष्ट वजा जाताना त्यांना दिसत होते, आणि मधली पस्तीस म्हणजे आपणच, हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती.

"तू एकटीच जा मग," ते म्हणाले.

"आता रुसू नका. एकटी जायचं असतं तर तुमचं तिकीट कशाला काढू दिलं असतं?" वृंदाताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "मठात शेजारची खोलीही रिकामी आहे. तिथं एकेकाच्याच खोल्या असतात. ओजूला सांगते, दोन्ही घे."

"लोक काय म्हणतील?"

"प्रागमधले?"

हेरंबरावांनी उशी ओढली, बटण फिरवून सोबत 'नाही'वर नेली आणि डोळे मिटले. चाचणी म्हणजे पूर्ण चाचणी.

गादी खरंच फळीसारखी होती. तरी झोप लागली. सकाळी उजेड आला तेव्हा खोलीत इतकी शांतता होती की, आपणच श्वास घेतोय हे त्यांना ऐकू आलं. मग भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. खिडकीचा कडी-कोयंडा वाजला. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय? एकटं असेल का? इतका वेळ खिडकीशी काय बघत असेल? त्यांना विलक्षण उत्सुकता वाटली. ते उठले, बोळात आले, त्या दारापाशी पोचले. हात वर केला आणि सांगलीत जागे झाले.

उशीवर आकडा उमटला होता. आयुष्यात प्रथमच हेरंबरावांनी समोरचा आकडा न वाचता सोडून दिला. वृंदाताई फोन हातात धरून होत्या, पलीकडून ओजस्विनी विचारत होती, "एक खोली की दोन?"

"दोन," हेरंबराव म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी बायकोला विचारलं, "तिथं सकाळी मी तुझं दार वाजवलं, तर उघडशील?"

वृंदाताईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, एखाद्या नकाशात अजून नाव न घातलेलं गाव बघावं तसं.

"बाहेर कोण आहे असं विचारलं, तर काय सांगाल?"