रिकामी टाकी, भरलेला फिल्टर

जे सांगतोय ते माझ्यासमोर घडलंय. मित्राच्या मित्राबरोबर नाही. माझ्यासमोर, माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात. त्यातला बिस्किटाचा पुडासुद्धा माझाच होता.

आधीच सांगतो, वेळ दुपारची होती.

मला माहीत आहे, अशा गोष्टीला रात्र लागते. लाईट गेलेली लागते. लांब कुठेतरी कुत्रं रडावं लागतं. त्या दिवशी बाहेर रखरखीत ऊन होतं, लाईट होती, आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला होता.

तरी तेव्हापासून मला दुपारी झोप लागत नाही. आणि दुपारची झोप ही माझी एकमेव चांगली सवय होती.

मी दाजींच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, माशांच्या दुकानात काम करतो. खायच्या नाही, बघायच्या. लोकांच्या घरी, दवाखान्यात, ऑफिसात जाऊन काचेच्या टाक्या साफ करतो. कोणी विचारलं तर आई सांगते, "मुलगा पाण्याच्या क्षेत्रात आहे."

आत्या मला पाणकोंबडा म्हणते.

आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत, दारातून आत शिरलं की समोरच आतोबांची टाकी. आत्याच्या यजमानांना आम्ही आतोबा म्हणायचो. त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर एक मासा पाळला. सोनेरी, गोल पोटाचा, कायम नाराज. त्याचं नाव त्यांनी ठेवलं साहेब.

"दिवसभर तोंडाची उघडझाप करतो, पण कामाचं एक अक्षर बोलत नाही. दुसरं काय नाव ठेवणार?"

दुपारचा चहा झाला की आतोबा टाकीपाशी जायचे. बोटातल्या अंगठीनं काचेवर वाजवायचे.

टक... टक... टक.

"चला साहेब, जेवून घ्या."

मग चिमूटभर खाणं. आणि आत्याची पाठ असेल तर स्वतःच्या बशीतल्या बिस्किटाचा चुरा. पुडा संपला की त्याच्या कागदाची चौकोनी घडी करून ती बशीखाली सारायचे, म्हणजे आत्याला हिशेब लागू नये.

मी किती वेळा सांगितलं, "आतोबा, बिस्किट नका घालू, फिल्टर तुंबतो."

"साहेबाला तरी खाऊ दे रे. माझी साखर तुझ्या आत्यानं कधीच बंद केलीय."

आतोबा गेले. पाठोपाठ साहेबही गेला. एका सकाळी उताणा तरंगत होता.

टाकी मात्र आत्यानं चालूच ठेवली. मासा नाही, झाड नाही. पाणी, खडे, एक प्लास्टिकचा किल्ला, आणि मागे लटकवलेला फिल्टर.

"पाण्याचा आवाज राहू दे," ती म्हणाली. "तो बंद झाला की घर खायला उठतं."

आता हा फिल्टर जरा समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. टाकीच्या मागच्या काठावर एक डबा अडकवलेला असतो. मोटर नळीतून टाकीतलं पाणी वर ओढते. ते डब्यातल्या स्पंजमधून गाळलं जातं आणि पुढच्या ओठावरून परत टाकीत पडतं. स्पंज तुंबला की पाण्याला पुढे वाट उरत नाही. मोटरला हे कोणी कळवत नाही, ती आपली ओढतच राहते. डबा काठोकाठ भरतो, आणि पाणी मागच्या बाजूनं फरशीवर.

स्पंज तुंबतो माशाच्या घाणीनं, नाहीतर उरलेल्या खाण्यानं.

म्हणजे ज्या टाकीत मासाच नाही, तिचा फिल्टर तुंबायला काही कारणच नाही.

आत्याचा तुंबायला लागला.

"पाणकोंबड्या," फोनवर आत्या, "तुझ्या टाकीनं घरात तळं केलंय. खालची वहिनी छत्री घेऊन वर आली होती भांडायला."

मी गेलो. वाटलं, डबा मागे कलला असेल. कललेल्या डब्यातलं पाणी मागूनच जातं. खाली पुठ्ठ्याची घडी सारून तो सरळ केला. टाकीतलं पाणी काठापासून चार बोटं खाली आणलं. वायरला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ आलाच तर बोर्डात न शिरता जमिनीवर पडेल. शिस्तीत काम केलं आणि घरी आलो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तळं.

या वेळी मी स्पंज बाहेर काढून पिळला...

हातात नारिंगी लगदा आला. फुगलेला. आंबूस वासाचा.

माशांचं खाणं.

"आत्या, तू टाकीत खाणं टाकतेस?"

"कोणाला घालू? किल्ल्याला?"

ती हसली. मीही हसलो. दादा हसला नाही.

दादा म्हणजे आत्याचा मुलगा, दुसऱ्या गावी असतो. त्या वेळी तो आलेला होता. मला जिन्यात घेऊन गेला.

"ती विसरायला लागलीय रे. टाकते आणि विसरते. उद्या ओल्या फरशीवर पाय घसरला तर? इथे तिला उचलायला कोण आहे?"

"ती नाही म्हणतेय ना."

"विसरलेलं माणूस नाहीच म्हणतं. तू सांग, मासा नसलेल्या टाकीत खाणं कोण टाकतं?"

मी हाताला लागलेला लगदा पँटला पुसला.

"अजून एकदा फरशी ओली झाली, की मी टेम्पो सांगतो. घर बंद, आई माझ्याकडे."

आत्यानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. दादा गेल्यावर माझ्या हातात चहा दिला आणि शेजारी बसली.

"त्याचं चुकत नाही," ती म्हणाली. "पण त्याच्या घरी मी पाहुणी असते रे. टॉवेल कुठला घ्यायचा तेही विचारावं लागतं. मला अजून थोडे दिवस माझ्या घरात राहायचंय. बघ काही जमतंय का तुला."

आत्यानं माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. एरवी ती मला फक्त केस कापून ये म्हणते.

मी माशांच्या खाण्याचा डबा उचलून दुकानात नेऊन ठेवला. म्हटलं, आता बघू काय टाकतंय कोण.

मग ती दुपार आली.

दादा पुन्हा आला होता आणि आत्याला डोळे तपासायला घेऊन गेला होता. ते परत येईपर्यंत घरात मी एकटा. दाराला आतून कडी घातली आणि कामाला लागलो. बादलीत टाकीतलंच पाणी घेऊन स्पंज खळखळून धुतला, पांढरा होईपर्यंत पिळला. मोटरचा पंखा काढून पुसला. डब्यात पाणी भरून फिल्टर सुरू केला. पुढून पाणी पडायला लागलं... छान, एकसारखं.

मग टाकीशेजारच्या टेबलावर एक बशी घेऊन माझा पुडा फोडला. दोन बिस्किटं खाल्ली. उरलेली चहाबरोबर खाऊ म्हणून तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेलो.

चहा उकळायला लागला होता.

टक... टक... टक.

मला वाटलं, खालचा मिक्सर.

मिक्सर टकटक करत नाही, हे मला जरा उशिरा सुचलं. तोपर्यंत मिक्सर बंदही झालेला होता.

मग पाण्याचा आवाज बारीक झाला.

अजून बारीक...

मग पाणी पडायचं थांबलंच. नुसती मोटरची घरघर.

आणि मग फरशीवर... थेंब.

थेंब.

मी गॅस बंद केला. भीती वाटली की माणूस काय करतो माहीत नाही, मी दोन कपांत चहा गाळला. दोन का, ते मला आजही सांगता येत नाही.

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून तशीच. फिल्टरचा डबा काठोकाठ भरून मागे वाहत होता. मी कोरड्या हातानं आधी प्लग काढला. मग स्पंज ओढला.

घटकाभरापूर्वी पांढरा पिळलेला स्पंज...

बिस्किटाच्या लगद्यानं गच्च भरला होता.

मी टेबलाकडे बघितलं. पुडा नव्हता.

बशी होती. तिच्याखाली पुड्याचा कागद होता.

चौकोनी घडी करून सारलेला.

दार उघडून पळावंसं वाटलं. पण त्याहून मोठा प्रश्न असा होता, की कोणत्याही क्षणी दादा येणार होता आणि फरशी ओली होती. म्हणून मी मोकळ्या खोलीशी बोललो. हे सांगतानाही लाज वाटते, पण बोललो.

"आतोबा... साहेब गेला हो. टाकीत आता कोणी नाहीये. नका खायला घालू. तुमच्यामुळे आत्याला घर सोडावं लागेल."



कोपऱ्यातली वेताची खुर्ची फक्त करकरली. कोणी उठल्यासारखी. की बसल्यासारखी... ते कळलं नाही.

दादा आणि आत्या आले तेव्हा मी फरशी पुसत होतो. दादानं आधी फरशीकडे बघितलं, मग खिशातून फोन काढला.

"थांब," मी म्हणालो. "आत्या तुझ्यासोबत होती. घरात मी होतो. तरी वाहिला. दोष फिल्टरचा आहे, तिचा नाही."

दादानं टाकीमागे वाकून फिल्टर बघितला. मग फोन खिशात ठेवला.

"मग नवीन बसव की. इतके दिवस काय करत होतास?"

आत्यानं पदरानं डोळे टिपले. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे ती रडत होती की नाही ते समजायला मार्ग नव्हता.

मी दुकानातला सगळ्यात मोठा फिल्टर आणून बसवला. नळीच्या तोंडालाही एक जाड स्पंज लावला, म्हणजे चुरा आत शिरायच्या आधीच अडकेल.

आणि पाणी सांडायचं थांबलं.

एक आठवडा कोरडा. दुसरा कोरडा. महिना कोरडा. खालची वहिनी छत्रीशिवाय येऊन चौकशी करून गेली. दादाचा फोन आला, "मानलं बुवा तुला." दाजी तर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "आमचा मेव्हणा फिल्टरचा डॉक्टर आहे."

मला वाटलं, आतोबांनी ऐकलं. आमच्या घराण्यात माझं ऐकणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याला त्यासाठी आधी मरावं लागलं.

मग मी फिल्टर साफ करायला गेलो. तीच वेळ. दुपारच्या चहाची.

"येताना बिस्किटं आणलीस का?" आत्यानं आतून विचारलं. "हल्ली पुडा पुरतच नाही."

"खातेस किती तू?"

"मी? मला कुठे बिस्किटं आवडतात? आल्यागेल्याला म्हणून आणते. तूच चोरत असशील."

मी प्लग काढला. फिल्टर टाकीवरून उतरवून मांडीवर घेतला.

नळीच्या तोंडाचा स्पंज स्वच्छ होता.

डब्यातला स्पंज स्वच्छ होता.

नुसता स्वच्छ नाही... कोरा. पाकिटातून काढल्यासारखा. रिकाम्या टाकीतही महिन्याभरात थोडा बुळबुळीतपणा येतो, धूळ येते. यात काहीच नव्हतं. टाकीच्या काचा स्वच्छ. खडे एकेक चाटून ठेवल्यासारखे.

टक... टक... टक.

आत्या स्वयंपाकघरात होती. मला तिची पाठ दिसत होती.

मी टाकीकडे बघितलं.

पाण्यावर बिस्किटाचे तुकडे तरंगत होते.

"आत्या," मी हाक मारली आणि तिच्याकडे वळलो.

"काय रे?"

"काही नाही."

परत टाकीकडे बघितलं...

तुकडे नव्हते.

पाणी हलत होतं. किल्ल्याच्या मागे, गोल गोल, संथ. एखादं जड काहीतरी खाली जाऊन वळल्यासारखं.

मी स्वतःला समजावलं, फिल्टरमुळे हलतंय.

फिल्टर माझ्या मांडीवर होता.

मीच म्हणालो होतो ना, टाकीत आता कोणी नाहीये. आतोबांनी ते मनाला लावून घेतलं असावं. आणि कोणाला तरी आणलं असावं.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला. "आत्याला तुझ्याकडे घेऊन जा."

"का? परत वाहिला?"

"नाही. उत्तम चाललाय."

"मग?"

"जरा जास्तच उत्तम चाललाय."

"तू दुपारी झोपत जा," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

आत्यालाही विचारून बघितलं. ती म्हणाली, "आता कशाला जाऊ? आता तर करमतं मला. दुपारी घरात कोणीतरी असल्यासारखं वाटतं." आणि टाकीकडे बघून हसली.

तिला इथे ठेवायला मीच धडपडलो होतो. आता तिला हलवायला माझ्याकडे एकही कारण नाही. फरशी कोरडी आहे.

मी दर रविवारी जातो. फिल्टर उघडत नाही. टाकीकडे पाठ करून बसतो, चहा पितो आणि बिस्किटं ठेवून येतो. आधी एक पुडा नेत होतो. मग दोन. आता अख्खा खोका नेतो.

"एवढी कशाला रे?" परवा आत्या म्हणाली. "एवढी खाणार कोण?"

"असू देत," मी म्हणालो. "संपायला नकोत."

कारण एखाद्या दुपारी पुडा संपला, तर त्या वेळी घरात आत्या एकटीच असते.