ताईला नावानं हाक

शनिवारी दुपारी बीकहुन मोठ्या तोऱ्यात निघाली, ज्येष्ठांसाठी फिल्मचा वर्ग चालणाऱ्या कॉलेजच्या संगणक-खोलीकडे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यावर, बाईने पहिली शॉर्टफिल्म काढली होती. पाच मिनिटांची. आता तुकडे कापायचे, जोडायचे आणि बुधवारी वर्गासमोर दाखवायचे, एवढंच उरलं होतं. बाहेर पाऊस पडत होता. तैवानमधल्या या कीलुंग बंदरात तो पडतच असतो, कोणी मनावर घेत नाही.

गोष्ट साधी होती. मुलाच्या पत्राची वाट बघत एक म्हातारी मरते आणि पत्र दुसऱ्या दिवशी येतं. म्हातारीचं काम केलं होतं बीकहुनच्या थोरल्या बहिणीने, स्यूखिमने. चित्रीकरणही तिच्याच घरी झालं, बंदरामागच्या टेकडीवरच्या दोन खोल्यांत.

स्यूखिमने चाळीस वर्षं बंदरावर मासळी साफ केली. त्या कमाईवर बीकहुन शिकली आणि कचेरीत खुर्चीवर बसली. हे ती विसरली होती असं नाही. पण चारचौघांत ताईचं ते गडगडाटी बोलणं आणि साबणाला दाद न देणारा हातांचा वास, यांनी तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्गाचे को सर तरुणपणी मालिकांच्या युनिटमध्ये होते. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "मेलेल्याचं काम करणाऱ्याला आडवं व्हायच्या आधी शकुनाचे पैसे घातलेलं लाल पाकीट द्यायचं. शॉट संपला की पूर्ण नाव घेऊन हाक मारायची. त्याने ओ दिली की मगच उठवायचं. हसू नका, आम्ही असंच करत आलो. एक वेळ कॅमेरा विसरा, पण हे विसरू नका."

बीकहुनने पाकीट नेलं होतं. पण पलंगावर बसल्या बसल्या ताईने हात पुढे केला. "काढ गं माझं पाकीट! फुकट मरायला मी काय खुळी आहे?"

उजेडासाठी थर्माकोलचा तक्ता धरून उभे असलेले त्साय काका, तिचे वर्गबंधू, खो खो हसले. बीकहुनचे कान तापले.

"नंतर देते. शोभा करू नकोस, ताई."

पाकीट पर्समध्येच राहिलं. आणि शॉट संपल्यावर थोरल्या बहिणीला नावाने हाक मारायला जीभ रेटेना. जन्मात कधी मारली नव्हती. ती नुसतं म्हणाली, "ताई, ऊठ." ताई उठली आणि त्या दिवशी पुन्हा एक अक्षर बोलली नाही. बीकहुनला तेव्हा बरंच वाटलं.

संगणक-खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पंखे घुमत होते, भिंतींना ओल आली होती. बीकहुनने कानांवर हेडफोन चढवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. सात तुकडे होते. पहिल्यात जमीन दिसली, मग तिचेच मोजे. दुसऱ्यात त्साय काका केळं खात होते. तिसऱ्यापर्यंत तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला. बटण एकदा दाबलं की कॅमेरा सुरू, पुन्हा दाबलं की बंद. तिने चाचपताना ते एकदा जास्त दाबलं होतं. म्हणजे ती "ॲक्शन" म्हणाली की कॅमेरा मिटत होता आणि "कट" म्हणाली की डोळे उघडत होता.

सातवा तुकडा मरणाच्या शॉटनंतरचा होता.

पलंगावर ताई डोळे मिटून पडलेली होती. बाजूने त्साय काकांचा आवाज आला, "ह्या कोण हो तुमच्या?"

मग बीकहुनचाच आवाज, हलका, हसरा. "कोणी नाही हो. आमच्याकडे पूर्वी कामाला होती. जरा नाटकी आहे."

हे आपण बोललो होतो, ते तिला ठाऊक होतं. पण पडद्यावर ताईच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या, आणि ताईने ऐकलं होतं हे तिला आत्ता कळलं. बीकहुनने मान खाली घातली. रिकाम्या खोलीतसुद्धा तिला कुठे बघावं ते कळेना.

"ताई, ऊठ," पडद्यातली ती म्हणाली.

ताई उठली. गुडघ्यावर हात टेकून, खोकत, कॅमेऱ्यासमोरून गेली.

पलंगावर ताई पडलेलीच होती.

बीकहुनने तुकडा मागे नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा... एक ताई उठून जात होती, एक तशीच पडून राहत होती. सामान आवरण्याचे आवाज आले, कोणीतरी खुर्ची सरकवली, पलंगाकडे कोणी बघितलं नाही. पडलेल्या ताईच्या डोळ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं. संगणक-खोलीत मासळीचा वास येऊ लागला. ओठ हलले.

"बीकहुन... हाक मार की गं..."

हेडफोन तसेच टाकून ती निघाली. छत्री राहिली. टेकडीच्या पायऱ्या चढताना ती रडत होती, आणि पावसात ते दिसत नाही याचं तिला बरं वाटत होतं.

दार ताईने उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा ब्लाऊज. "ये," ती हळूच म्हणाली. "चहा घेतेस?"

"ताई, चुकलं माझं. मी तुला... कोणी नाही म्हणाले."

"त्यात काय एवढं."

ताईने एरवी सातवी गल्ली ऐकेल असा उद्धार केला असता. ही शांतपणे हसली. हिच्या हातांना नुसता साबणाचा वास होता.

बीकहुनने पर्समधलं लाल पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला पूर्ण नावाने हाक मारली.

"ल्याओ स्यूखिम!"

समोरची हसतच राहिली. ओ आली ती आतल्या खोलीतून.

"ओ... आले गं, भवाने! किती वेळ लावलास... हात दे जरा, उठवत नाहीये मला..."

समोरचीने मान कलती केली. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "जाणार आहेस आत?"

आतलं दार चार पावलांवर होतं. बीकहुन ते बघत उभी राहिली. बुधवार तिच्या डोळ्यांपुढे आला, सगळा वर्ग, को सर, त्साय काका, आणि त्या सगळ्यांत हात पुढे करून ओरडणारी ताई. मग तिने पाकीट समोरचीच्या स्वच्छ हातात ठेवलं.

"मला उशीर होतोय," ती म्हणाली. पायऱ्या उतरताना मागून दोनदा तिचं नाव ऐकू आलं.

बहिणीला घेऊन पुन्हा काढलेली फिल्म बुधवारी दाखवताना तिने वर्गाला सांगितलं, "ही माझी सख्खी बहीण." बहिणीने वाकून नमस्कार केला, मोजकं बोलली. सगळ्यांना फार आवडली. बीकहुनलाही आवडते. याची तिला इतकी लाज वाटते की रात्री झोप लागत नाही, तरी दर रविवारी ती जेवायला जाते. बहीण टेबलावर दोघींची पानं मांडते, मग तिसऱ्या वाटीत भात आणि तळलेली मासळी घालते आणि वाटी आतल्या बंद दारापाशी नेऊन ठेवते. बीकहुनने अजून काही विचारलेलं नाही. जेवण होईपर्यंत वाटी रिकामी झालेली असते.